सरचू ते व्हिस्की नाला: गाटा लूप्सवरचा एक दिवस (मनाली–लेह सायकलवर)

कासवाट

मनाली–लेह झाल्यापासून जो भेटतो तो आधी विचारतो, किती दिवस लागले. तेरा. मग विचारतो, रोज किती किलोमीटर. इथे मी अडखळते. कारण मला जो दिवस सगळ्यात जास्त आठवतो त्या दिवशी आम्ही जेमतेम पन्नास किलोमीटर गेलो आणि त्याला साडेअकरा तास लागले. तो दिवस लिहून ठेवायचा आहे, आणि पुढच्या मोसमात जाणाऱ्यांशी सरचूबद्दल नीट बोलायचंही आहे, म्हणून हा धागा.

आम्ही तिघं होतो. माझा मावसभाऊ (दादा, वय ५४), त्याची मुलगी (२३) आणि मी (४८). सोबत गाडी नव्हती. तंबू, स्लीपिंग बॅगा, कपडे, पाने-हत्यारं, खाऊ, सगळं कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांत, म्हणजे पॅनिअरमध्ये. सायकल धरून माणशी तीस-बत्तीस किलो वजन. सराव सगळा साताऱ्यातला: यवतेश्वर घाट, कास, बामणोली, कधी पसरणी घाटाने पाचगणी. पाय छान तयार झाले. पण विरळ हवेची सवय सह्याद्रीत होत नाही. आपलं कळसूबाई १६४६ मीटर आणि मनालीच २०५० च्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राचा सगळ्यात उंच माथासुद्धा मनालीच्या बाजाराच्या खाली आहे.

आता सरचू. उंची ४२९० मीटर. पोचल्यावर हायसं वाटतं, कारण लांबच लांब सपाट मैदान, बाजूला नदी, तंबूंच्या रांगा. पण नकाशा नीट बघा. मनालीच्या बाजूला बारालाचा ला ('ला' म्हणजे खिंड), ४८९० मीटर. लेहच्या बाजूला गाटा लूप्स, नकी ला आणि त्यापुढे लाचुंग ला, ५०६५ मीटर. म्हणजे सरचूत कुणाची तब्येत बिघडली तर 'ताबडतोब खाली उतरा' हा उंचीवरचा पहिला नियम पाळायलाही आधी वर चढावं लागतं. परातीच्या मधोमध येऊन बसल्यासारखी ती जागा आहे. मला हे घरी बसून कळायला हवं होतं. आमच्या कागदावर फक्त किलोमीटर लिहिलेले होते.

सातव्या दिवशी संध्याकाळी सरचूत शिरलो आणि दादाचं डोकं दुखायला लागलं. जेवण नको म्हणाला. रात्री दोनदा उठून बसला. भाची बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घेऊन आली होती, रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं, त्यात तिचा आकडा ८६, माझा ८४, दादाचा ७९. सकाळी डोकं थोडं हलकं होतं, पण गेलं नव्हतं. दादा म्हणाला, "निघू या, चालायला लागलं की बरं वाटेल." भाची काही बोलली नाही, तिने तंबूचे खुंटे परत ठोकले. तो आठवा दिवस आम्ही सरचूतच काढला. ढाब्यावरच्या बाईंनी दादाला लसणाचं गरम सूप करून दिलं. मी मऊ भात आणि मेतकूट. त्या उंचीवर पाणी साधारण ८५ अंशांनाच उकळतं, त्यामुळे भात कुकरशिवाय शिजत नाही, आणि कुकर फक्त ढाब्यावर. संध्याकाळी दादा स्वतःहून म्हणाला, "भूक लागली." तेव्हा मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. आम्ही ठरवून ठेवलं होतं की रात्रीपर्यंत डोकं उतरलं नाही तर सकाळी पहिल्या गाडीत दादाला आणि सायकलींना घालून बारालाचा ओलांडून परत केलाँग गाठायचं.

नववा दिवस

पहाटे साडेपाचला निघालो. बाटल्यांतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा होता. निघण्याआधी एकच गोष्ट ठरवली: दादा पुढे. त्याच्या मागे मी, सगळ्यात शेवटी भाची. जो सगळ्यात हळू तो पुढे, आणि त्याला कुणी ओलांडायचं नाही. तोपर्यंतचे सात दिवस उलटं चाललं होतं. भाची पुढे जाऊन वाट बघायची, आम्ही पोचलो की ती ताजीतवानी होऊन निघायची, आणि दादा तिला गाठायच्या नादात विश्रांतीच घ्यायचा नाही. पोचला की निघाला. डोकेदुखीचं मूळ त्यात होतं असं माझं ठाम मत आहे.

सरचूपासून लूप्सच्या पायथ्यापर्यंत चोवीसेक किलोमीटर. रस्ता त्साराप नदीच्या काठाने थोडाथोडा उतरत जातो. सकाळी वारा नसतो, तो दुपारी सुटतो आणि मग सपाट रस्ताही घाट होतो, म्हणून हा टप्पा सकाळीच संपवायचा. नदीने दोन्ही काठ उभे कापलेत, मातीचे सुळके देवळाच्या शिखरांसारखे ओळीने उभे आहेत. झाड एकही नाही. पायथ्याशी पोचलो तेव्हा नऊ वाजत होते. तिथे पाणी गाळून माणशी पाच लिटर भरलं. लूप्सवर पाणी नाही. कुठेच नाही. हे तीनदा लिहायला हवं इतकं महत्त्वाचं आहे.

गाटा लूप्स म्हणजे एकाच डोंगराच्या अंगावर एकावर एक रचलेली २१ वळणं. खालून बघितलं की सगळा रस्ता एकदम दिसतो, वरच्या वळणावरचा ट्रक काडेपेटीएवढा. चढ तसा फार खडा नाही. यवतेश्वर घाटात याहून खडे तुकडे आहेत. दहा किलोमीटरमध्ये साडेचारशे मीटर, म्हणजे सरासरी पाच टक्क्यांच्या आत. साताऱ्यात हा चढ मी गप्पा मारत काढते. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहून कमी. पुढचं २२ दात्यांचं चाक, मागचं ३२ चं, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल दीड मीटरही सरकत नाही. मिनिटाला साठ फेरे मारले तरी ताशी पाच किलोमीटर. आमचे तेवढेही होत नव्हते.

दादाने एक पद्धत लावली. शंभर फेरे मोजायचे, पाय टेकायचा, वीस श्वास, परत शंभर. मोठ्याने मोजत होता. पंचविसानंतर आकडे तुटक व्हायचे, साठानंतर नुसते ओठ हलायचे. मी मागून त्याच्या मागच्या चाकाकडे बघत होते. मला पालखी दिवे घाट चढते ते आठवत होतं. तिथे रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, पण दिंडीतली म्हातारी माणसं आपल्याच पावलाने चढतात, आणि मागचे त्यांच्या पावलाने. कुणी कुणाला ओलांडत नाही.

चौदाव्या वळणाच्या जरा अलीकडे 'टण्' आवाज झाला. दादाच्या मागच्या चाकाची तार तुटली, तीही चेनच्या बाजूची. मागच्या चाकाला त्याच बाजूच्या तारांवर सगळ्यात जास्त ताण असतो आणि वर पॅनिअरचं वजन, त्यामुळे तुटतात त्या याच. जादाच्या तीन तारा आम्ही फ्रेमला चिकटपट्टीने बांधून आणल्या होत्या, मापाच्या. पण चेनच्या बाजूची तार घालायची तर गिअरचं चक्र काढावं लागतं, आणि ते काढायचा पाना आम्ही वजन कमी करताना घरी ठेवला होता.

भाचीने सायकल उलटी केली. तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळली. चाक फिरवलं तर रिम डाव्या ब्रेकला घासत होतं, म्हणजे चाक डावीकडे ओढलं गेलं होतं. मग तिने तुटलेल्या तारेच्या दोन्ही बाजूंच्या, डावीकडे जाणाऱ्या तारांचे निपल (रिमपाशी तार आवळणारे छोटे नट) अर्धा-अर्धा फेरा सैल केले. चाक फिरवून बघायचं, पाव फेरा, परत फिरवायचं. हातमोजे काढल्यावर तिच्या बोटांची टोकं पांढरी पडत होती, ती काखेत धरून गरम करायची आणि परत पाना हातात घ्यायची. अर्धा तास लागला. चाकाचा वाकडेपणा, म्हणजे आऊट, पूर्ण गेला नाही, पण घासणं थांबलं. दादाचं सगळं सामान तिने आपल्या सायकलवर घेतलं. मी निम्मं मागितलं, दिलं नाही. "आत्या, तू फक्त बाबांच्या मागे राहा."

त्यानंतर आपोआप बरोबरी झाली. दादा मोकळ्या सायकलवर, ती दुप्पट वजनावर, आणि तिघांचा वेग एक.

लूप्समध्ये एके ठिकाणी दगडांचं छोटं ठाणं आहे आणि त्याच्याभोवती पाण्याच्या बाटल्यांचा खच. बंद पडलेल्या ट्रकपाशी एकटा थांबलेला क्लीनर तिथे तहानेने आणि थंडीने गेला, अशी गोष्ट सांगतात. ट्रकवाले थांबून त्याला पाणी ठेवतात, कुणी सिगारेट. गोष्ट खरी किती, मला ठाऊक नाही. पण पाण्याचा शेवटचा दीड लिटर शिल्लक असताना तिथे उभं राहिलं की ती खोटी वाटत नाही. दादाने आपल्या बाटलीतलं झाकणभर पाणी दगडावर ओतलं आणि बाटली परत पिशवीत ठेवली. प्लास्टिक तिथे आधीच खूप आहे.

एकविसावं वळण संपलं तेव्हा दीड वाजला होता. वाटतं की झालं. पण रस्ता पुढेही चढतच राहतो, नकी ला अजून काही किलोमीटर लांब. त्या पट्ट्यात रस्त्याचं काम करणारी टोळी भेटली. झारखंडच्या दुमक्याकडची मुलं. तोंडाला फडकी, डांबराच्या धुराने डोळे लाल. त्यांच्या ताडपत्रीखाली चूल होती. आम्ही काही मागितलं नव्हतं. एकाने स्टीलच्या पेल्यात काळा चहा आणून दादाच्या हातात दिला, मग आम्हाला. मी शेंगदाणा-गुळाचे लाडू काढले. त्यातल्या एकाने लाडू अर्धा खाऊन अर्धा खिशात ठेवला. आम्ही त्या रस्त्यावर हौसेने चार-सहा तास दम खातो, ती मुलं तिथे आख्खा मोसम फावडं चालवतात.

नकी ला, ४७४० मीटर, पावणेचारला. पताका, पाटी, जोराचा वारा. तिथे पाच मिनिटंही थांबलो नाही. पलीकडे उतार, खडीचा, आणि पाचच्या सुमाराला व्हिस्की नाला. दोन-तीन पॅराशूटच्या कापडाचे तंबू, आत घोंगड्या आणि चहाचा वास.

कागदावर त्या दिवसाचा मुक्काम पांग होता. अजून लाचुंग ला चढून पलीकडे वीस-बावीस किलोमीटर खराब उतार. भाचीने घड्याळ बघितलं, मग दादाकडे बघितलं. तो बूट काढत होता. पांगला निघायचा विषय कुणी काढलाच नाही.

रात्री दादाचा आकडा ८१ होता, डोकं दुखत नव्हतं, आणि त्याने दोन वाट्या डाळभात खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही लाचुंग लावर होतो, दुपारी पांगला.

माझं म्हणणं एवढंच आहे: सरचू–पांग हा एक दिवसाचा टप्पा म्हणून लिहू नका. दोन दिवसांचा लिहा. आणि हळू माणसाला पुढे ठेवा. तुमचे अनुभव लिहा, विरोधी मतं असली तरी लिहा.

---

डोंगरवारा

खूप आतून लिहिलं आहे, दोनदा वाचलं. आम्ही २०१६ साली पाच जण गेलो होतो, सोबत सामानाची गाडी होती. सरचू–पांग एका दिवसात केलं, पण पांगला पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि लाचुंगनंतरच्या घळीत एक जण खडीवर पडला. त्यामुळे दोन दिवसांचं म्हणणं पटतं.

मात्र दोन मुद्द्यांवर वेगळं मत. एक, हळू माणूस पुढे ठेवला की वेगवान माणसाला सारखं थांबून-थांबून थंडी भरते, त्याचेही हाल होतात. आम्ही दर पाच किलोमीटरला भेटायची जागा ठरवायचो. दोन, व्हिस्की नाला पांगपेक्षा उंच आहे. डोकेदुखीतून नुकत्याच उठलेल्या माणसाला तिथे झोपवणं मला धोक्याचं वाटतं. 'उंच चढा, खाली झोपा' या हिशेबाने लाचुंग ओलांडून पांगला, साधारण ४६०० वर झोपणं बरं.

---

कासवाट

डोंगरवारा, दुसरा मुद्दा योग्य आहे आणि आमच्यातही त्यावर बोलणं झालं होतं. पण पांगला पोचायला आधी पाच हजारांवर चढायचं होतं, संध्याकाळी पाच वाजता, थकलेल्या अंगाने, अर्धवट आऊट काढलेल्या चाकावर, आणि उतार अंधारात. पांग शे-दीडशे मीटर खाली असेल, तेवढ्यासाठी हे करायची माझी तयारी नव्हती. डोकं दुखत असतं तर गोष्ट वेगळी. मग मी गाडीला हात केला असता.

पहिल्या मुद्द्याबद्दल: गाडी सोबत असेल तर तुमची पद्धत चालेल. आमच्याकडे मागे बघायला कुणी नव्हतं. दादा मागे एकटा राहिला असता आणि तार तुटली असती, तर भाची चार वळणं वर असती.

---

घाटमाथा

मी भूलतज्ज्ञ आहे, गिर्यारोहणाच्या मोहिमांबरोबर दोनदा गेलो आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुम्ही सरचूला थांबलात हा सगळ्या प्रवासातला सगळ्यात चांगला निर्णय. साधी विरळ हवा लागणे, म्हणजे डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, झोप न येणे, ही लक्षणं असताना त्याच उंचीवर थांबायचं, वर जायचं नाही. लक्षणं पूर्ण गेल्यावरच वर. वाढली तर खाली. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी असा ढोबळ नियम आहे. मनाली–लेहवर तो तंतोतंत पाळता येत नाही, कारण झोपायच्या जागाच ठरलेल्या आहेत. म्हणूनच जिस्पा-दारचापाशी एक दिवस जास्त काढावा असं मी सगळ्यांना सांगतो.

ऑक्सिमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेच, २१ टक्के, पण दाब कमी, त्यामुळे आकडा ८० च्या आसपास दिसणं त्या उंचीवर नवल नाही. गार बोटांवर तो आणखी चुकतो. ७९ आकडा आणि भूक लागलेला माणूस मला ८६ आकडा आणि अडखळणाऱ्या माणसापेक्षा बरा वाटतो.

दोन गोष्टी मात्र सगळ्यांनी पाठ कराव्यात. बसल्या जागी धाप लागणं, खोकला, छातीत घरघर: फुप्फुसात पाणी होत आहे. बोलण्यात गोंधळ, चालताना तोल जाणं: मेंदूला सूज येत आहे. तोल बघायला टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला लावा. जमलं नाही तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच गाडी करून खाली न्या. सैन्याच्या चौकीवर मदत मागायला अजिबात संकोच करू नका.

डायमॉक्सबद्दल, म्हणजे विरळ हवेच्या त्रासासाठी घेतात त्या गोळीबद्दल, विचारलं जाईलच. प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर घेण्याआधी डॉक्टरांना नक्की सांगा. बोटांना मुंग्या येतात आणि लघवी वाढते, त्यात घाबरायचं कारण नाही. पण आधी आपल्या डॉक्टरांना विचारून, घरीच एक-दोन दिवस घेऊन बघा. आणि गोळी घेतली म्हणून घाईने चढायचं, असं करू नका. दारू आणि झोपेच्या गोळ्या त्या उंचीवर पूर्ण बंद.

डोंगरवारा यांचं झोपायच्या उंचीबद्दलचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे. त्या संध्याकाळी मी असतो तर मीही व्हिस्की नाल्यालाच थांबलो असतो.

---

रानजाई

भाचीचं काखेत बोटं धरणं वाचून अंगावर काटा आला. किती शहाणी मुलगी. दादांची तब्येत आता कशी आहे?

---

कासवाट

रानजाई, दादा ठणठणीत आहे. घाटमाथा, तुमचा प्रतिसाद मी छापून आमच्या गटात देणार आहे, चालेल ना? टाचेला अंगठा लावून चालायची गोष्ट आम्हाला माहीत नव्हती, माहीत असती तर त्या रात्री मी निम्मी काळजी कमी केली असती.

---

घाटमाथा

जरूर द्या.

---

चाकमित्र

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून तारेबद्दल लिहितो. तुमच्या भाचीने केलं ते अगदी बरोबर. चेनच्या बाजूची तार तुटली की चाक विरुद्ध बाजूला जातं, तिथे समोरच्या तारा सैल करायच्या. नवखे लोक शेजारच्या तारा आवळत बसतात, त्यांच्यावर ताण वाढून आणखी एक तुटते.

तार वाटेत का तुटते? तुटताना दिसते वाटेत, पण बिघाड बहुतेक वेळा घरून निघालेला असतो. कारखान्यात यंत्रावर बांधलेल्या चाकात ताण कमी-जास्त असतो. सैल तार दर फेऱ्याला थोडी वाकते आणि सरळ होते, आणि हबपाशी, वाकलेल्या कोपऱ्यात, झिजून तुटते. म्हणून निघायच्या दोन महिने आधी मागचं चाक चांगल्या कारागिराकडून ताण सारखा करून घ्या आणि त्यावर सामान लादून दोनशे-तीनशे किलोमीटर चालवा. शक्य असेल तर मागे ३६ तारांचं चाक घ्या, ३२ चं नको.

गिअरचं चक्र काढायला दुकानात दोन हत्यारं लागतात, नट सोडवायचा पाना आणि चक्र धरून ठेवणारा चेनचा चाबूक. प्रवासात त्याऐवजी एक अगदी लहान पाना मिळतो, जो फ्रेमचाच आधार घेऊन नट सोडवतो. वजन मूठभर शेंगदाण्यांएवढं. किंवा दोऱ्याची तात्पुरती तार मिळते, ती चक्र न काढता ओवता येते. दोन्हींपैकी एक तरी न्याच.

---

डोंगरवारा

चाकमित्र +१. आमच्याकडेही दोन तारा तुटल्या होत्या, दोन्ही चेनच्या बाजूच्या.

---

अपशिंगेकर

धागा वडिलांना वाचून दाखवला, म्हणून लिहितोय. वडील ग्रेफमध्ये, म्हणजे सीमा सडक संघटनेच्या दलात होते, नव्वदच्या दशकात हिमांक प्रकल्पात डोझर चालवायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सीमा सडक संघटना १९६० सालची. वडिलांच्या वेळी मनालीकडून सरचूपर्यंतचा रस्ता तिच्या दीपक प्रकल्पाकडे, सरचूपासून लेहकडचा हिमांककडे, आणि हिमांक १९८५ साली सुरू झाला. हिवाळ्यात रस्ता बंद असतो. वसंतात दोन्हीकडून बर्फ कापत यायचं.

वडील सांगतात की सकाळी डिझेल गोठलेलं असायचं, टाकीखाली जपून आग करून ते पातळ करायचे. दोन तास त्यातच जायचे. गाटा लूप्सचं ठाणं त्यांनी पाहिलं आहे, ते लोकही तिथे थांबायचे. ते म्हणाले, "एकाच्या नावाने पाणी ठेवतात, पण त्या रस्त्यावर गेलेले पुष्कळ आहेत." वाटेत जागोजागी स्मृतीच्या पाट्या आहेत, सायकलवरून जाताना त्या वाचता येतात, गाडीतून निसटून जातात. पुढे जाणाऱ्यांनी थांबून वाचाव्यात असं त्यांचं सांगणं आहे.

दुमक्याच्या मुलांबद्दल लिहिलंत म्हणून ते बराच वेळ गप्प होते. त्यांच्या वेळीही तिकडूनच मजूर यायचे. अर्धा लाडू खिशात ठेवला, ते वाचल्यावर म्हणाले, "ठेवणारच. जोडीदार वरच्या वळणावर असेल."

---

कासवाट

अपशिंगेकर, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. तो अर्धा लाडू कुणासाठी असेल हे मला आजवर सुचलं नव्हतं. पाट्यांचं त्यांचं म्हणणं खरं आहे. आम्ही चढावर इतके हळू होतो की अक्षरन् अक्षर वाचलं. साताऱ्यात कधी भेटायला आलं तर चालेल का त्यांना? त्यांच्या तोंडून ऐकायला आवडेल.

---

अपशिंगेकर

चालेल काय, वाटच बघतील. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

---

नवखी_५२

मी गेली दीड वर्षं सायकल चालवते आहे. वय ५२. घाट जमतात पण वेग अगदी कमी. पुढच्या ऑगस्टमध्ये जायचं मनात आहे, घरून 'या वयात कशाला' चालू आहे. या धाग्यामुळे पहिल्यांदा वाटलं की हळू असणं ही अडचण नाही. तीन प्रश्न: पाणी नक्की कुठे भरायचं? दुपारी नाल्यांना पाणी वाढतं म्हणतात ते कितपत खरं? आणि सायकल मनालीपर्यंत कशी नेलीत?

---

कासवाट

नवखी, अवश्य जा.

पाणी: सरचूहून निघताना पूर्ण भरा, लूप्सच्या पायथ्याशी परत भरा, तिथून थेट व्हिस्की नाला. नाल्याचं पाणी गाळून आणि गोळी टाकून. पाच लिटर जड वाटेल, तरी कमी करू नका. आमचा थेंबही उरला नव्हता.

नाले: खरं आहे. ते बर्फाच्या पाण्यावर चालतात. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि दुपारनंतर पाणी वाढतं. झिंगझिंगबार आणि बारालाचाच्या अलीकडे एक नाला आम्ही सकाळी आठला घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडला, तोच आदल्या दुपारी मांडीपर्यंत होता असं समोरून आलेल्या दोघांनी सांगितलं. म्हणून पहाटे निघायचं. सायकल ओढत न्यायची, प्रवाहाच्या खालच्या बाजूला ठेवून, म्हणजे पाण्याने लोटली तरी अंगावर येत नाही. त्यासाठी साध्या प्लास्टिकच्या चपला ठेवा. ओल्या बुटांत त्या थंडीत बोटं बधिर होतात.

सायकल: पुण्याहून दिल्लीपर्यंत रेल्वेच्या लगेज डब्यातून, पार्सल ऑफिसात आदल्या दिवशी नोंदवून. दिल्लीहून बसच्या टपावर. बसवर बांधताना मागचं गिअर बदलणारं यंत्र सोडवून फ्रेमच्या आत बांधा, त्याचा दांडा वाकला की मनालीत दुरुस्त करणं अवघड. आमच्या एका सायकलचा वाकला होता, अर्धा दिवस त्यात गेला.

घरच्यांना सांगा की आमच्यातला सगळ्यात मोठा ५४ चा होता आणि सगळ्यात पुढे होता.

---

नवखी_५२

हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी कोरेगावला असते. तुम्ही सरावाला जाता तेव्हा एखाद्या वेळी येऊ का? तुमच्या वेगाने जमेल असं वाटत नाही.

---

कासवाट

रविवारी पहाटे साडेपाचला पोवई नाका. यवतेश्वरमार्गे कास, तिथे नाश्ता, अकराच्या आत परत. तुम्ही पुढे राहायचं, वेग तुमचाच. दादा आणि भाचीही येणार आहेत. पॅनिअर असतील तर लावून या, आत दोन-दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या भरून, म्हणजे वजनाची सवय होईल. वर धुकं आणि पाऊस आहे, मडगार्ड आणि मागचा लाल दिवा लावून या.